दूध कुठे गेले ते लिहिलेले नाही

दर वर्षी ऑगस्ट उजाडला की मंगळ चंद्राएवढा होतो. श्रावणातल्या सणवारांच्या शुभेच्छांच्या गर्दीत तो निरोप कुठून तरी वाट काढत येतोच: २७ ऑगस्टच्या रात्री आकाशात दोन चंद्र दिसणार, हा योग आपल्या हयातीत पुन्हा नाही, मुलाबाळांना अवश्य दाखवा. आमच्या आत्याने तो मला इतक्यांदा पाठवलाय की एखाद्या वर्षी आला नाही, तर मीच फोन करून तिची तब्येत विचारीन.

गंमत अशी की हा निरोप मुळात खोटा नव्हता. २००३ साली २७ ऑगस्टला मंगळ खरोखरच पृथ्वीजवळ आला होता, साधारण ५ कोटी ५७ लाख किलोमीटरवर. त्याआधीच्या जवळपास साठ हजार वर्षांत तो इतका जवळ आला नव्हता. तेव्हा इंग्रजीतून जे ईमेल फिरत होतं, त्यात म्हटलं होतं की ७५ पटींनी मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून पाहिलं, तर मंगळ आपल्याला नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या पौर्णिमेच्या चंद्राएवढा दिसेल. हिशोब चोख आहे. त्या रात्री मंगळाची थाळी आकाशात २५ विकलांची होती (एका अंशाच्या ३,६०० विकला). पंचवीस गुणिले पंचाहत्तर म्हणजे १,८७५. चंद्र भरतो सुमारे अर्धा अंश, म्हणजे १,८०० विकला. कुणीतरी नीट आकडेमोड करूनच ते वाक्य लिहिलं होतं.

मग ते फिरलं. फिरता फिरता दुर्बीण गळली, पंचाहत्तर गळले, शेवटी सालही गळलं. उरला तो चंद्राएवढा मंगळ, दर ऑगस्टला नव्याने उगवणारा.

मला हळहळ वाटते ती या गळतीची. थापेची तेवढी नाही. साडेपाच कोटी किलोमीटरवरचा एक आख्खा ग्रह, हौशी माणसाच्या बाल्कनीत मावेल अशा दुर्बिणीतून चंद्राएवढा दिसू शकतो, ही बातमी ‘दोन चंद्रां’च्या थापेपेक्षा कितीतरी भारी होती. नेमकी तीच वाटेत सांडली.

आमचा सकाळचा एक कट्टा आहे. हनुमान टेकडी उतरून खाली आलं की एका अमृततुल्यच्या बाहेर, लोकांच्या लावलेल्या स्कूटरींना टेकून, आम्ही पाचसहा जण उभे असतो. एक निवृत्त ऑडिटर आहेत. त्यांना सगळे ‘साहेब’ म्हणतात आणि त्यांनाही ते आवडतं. भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई आहेत. हिंजवडीला जाणारा निखिल आहे, तो घरून काम करायच्या दिवशी येतो. चहावाले अण्णा कट्ट्याचे सभासद नाहीत, पण शेवटचा शब्द त्यांचाच असतो. इथे प्रत्येक जण काहीतरी घेऊन येतो: कुणी पेपरातलं, कुणी फोनमधलं, कुणी रात्री साडूने सांगितलेलं. राजकारण आपोआप येतं आणि तितक्याच आपोआप आम्ही ते टाळतो, कारण चहा प्यायला पुन्हा उद्याही इथेच यायचं असतं. रंगतं ते विचित्र बातम्यांवर. कुठल्याशा देशात गायीने काय केलं, कुठल्या समुद्रात काय सापडलं.

ही आवड पुण्याला जुनीच आहे. ‘संध्यानंद’ हातात घेऊन जगभरच्या चमत्कारिक बातम्या मोठ्याने वाचणारा एकजण प्रत्येक केशकर्तनालयात असायचा. सदाशिव पेठेत मी लहानपणी जिथे केस कापायला जायचो, तिथे बातमी वाचणारा बाकावर, ती ऐकणारा खुर्चीत फेस लावलेल्या गालांनी गप्प, आणि टिप्पणी करणारा वस्तऱ्याचा मालक. खुर्चीतल्या माणसाला बोलायची सोय नसे. दाढी उरकून टॉवेलने तोंड पुसलं की तो सगळं साचलेलं एकदम बोलायचा, तोवर बाकावरचा माणूस पुढच्या बातमीवर गेलेला असे. खरी करमणूक त्या उशिरा आलेल्या शेऱ्यांची.

शेरा म्हटलं की मला माझे मोठे काका आठवतात. ते एका सरकारी कचेरीत कारकून होते आणि घरी कात्रणांची वही ठेवायचे. वही कसली, कचेरीतून बाद झालेलं जाडजूड हिशेबाचं रजिस्टर. आडव्या-उभ्या रेघांवर कात्रणं चिकटवलेली, गव्हाच्या पिठाच्या खळीने; त्यामुळे कसरीला मेजवानी. काही पानांवर बातमीपेक्षा भोकंच जास्त आहेत. प्रत्येक कात्रणाच्या समासात लाल-निळ्या पेन्सिलीने काकांचा शेरा. पटलं तर निळा, शंका असेल तर लाल. आणि भाषा अस्सल कचेरीची. ‘पाहिले.’ ‘खात्री करून पुन्हा सादर करावे.’ एका बातमीपुढे, कुठल्याशा दीडशे वर्षांच्या म्हाताऱ्याच्या, फक्त ‘वयाचा दाखला?’

स्कायलॅबची तर दोन पानं आहेत. ही अमेरिकेची अंतराळ प्रयोगशाळा १९७३ साली वर गेली आणि १९७९च्या जुलैत खाली येणार म्हणून सगळ्यांचे जीव टांगणीला लागले. आमच्या आजोळी म्हणे, मरायचंच आहे तर उपाशी का मरा, म्हणून घरच्या कोंबड्या संपवल्या गेल्या. हे मामा आजही सांगतो, आणि दर वेळी कोंबड्या एका-दोनाने वाढतात. काकांच्या वहीत भीतीच्या बातम्यांपुढे एकच लाल प्रश्न पुन्हा पुन्हा आहे: ‘कोठे? केव्हा?’ शेवटी ११ जुलैला ती हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात कोसळली. ते कात्रण चिकटवून काकांनी निळ्याने लिहिलंय: ‘दप्तरी दाखल.’

पण प्रकरण तिथे मिटलं नव्हतं, आणि काकांना सांगायला मला फार आवडलं असतं असा भाग पुढेच आहे. ऑस्ट्रेलियातल्या एस्परन्स नावाच्या गावाने, आमच्या हद्दीत कचरा टाकला म्हणून, नासाला ४०० डॉलरचा दंड ठोकला. गमतीनेच, पण ठोकला. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वर्तमानपत्राने पहिला तुकडा आणून देणाऱ्याला दहा हजार डॉलर जाहीर केले होते, ते एस्परन्सच्याच एका सतरा वर्षांच्या पोराने विमानाने अमेरिका गाठून खिशात घातले. आणि दंड? तो २००९ साली एका अमेरिकन रेडिओ निवेदकाने श्रोत्यांकडून वर्गणी काढून भरला. तीस वर्षं थकलेला दंड वसूल झाला हे कळल्यावर काकांनी दप्तर पुन्हा उघडलं असतं, यात मला शंका नाही.

वहीतलं माझं आवडतं पान मात्र २१ सप्टेंबर १९९५चं आहे. गुरुवार होता. गणपती दूध पितो ही बातमी सकाळी दिल्लीतून निघाली आणि रात्र पडेपर्यंत लंडनच्या देवळांतही चमचे पोचले होते. आज आपण सगळं खापर मोबाइलवर फोडतो म्हणून मुद्दाम सांगतो: देशात मोबाइल नावाची वस्तू येऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते, आणि आमच्या ओळखीत ती कुणी पाहिलेलीही नव्हती. एसटीडी बूथ आणि जिने एवढ्यावर ती बातमी धावली. आमच्या वाड्यात ती आली तेव्हा गॅसवर दूध तापत होतं. काकूने ते तसंच उतरवलं आणि वाटी घेऊन निघाली. काका कचेरीतून आलेले, ते कपडेही न बदलता तिच्याबरोबर गेले. मी दोघांच्या मधे.

देवळाची रांग कोपऱ्यावरून वळली होती. काकूचा नंबर आला. तिने चमचा सोंडेला टेकवला, कडेवर आलेलं दूध खरोखर ओढल्यासारखं हळूहळू कमी झालं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळे सोंडेकडे बघत होते. काका खाली बघत होते.

त्या रात्रीच्या कात्रणापुढे लाल पेन्सिलीने आहे: ‘दूध कोठे गेले ते लिहिलेले नाही.’

मला वाटतं, बातमीवर याहून चांगली टिप्पणी करता येत नाही. त्यात कुणाची टिंगल नाही. काकू रडली ते खोटं होतं असंही ते म्हणत नाहीत. बातमीत जे असायला हवं होतं आणि नाही, त्यावर फक्त बोट ठेवलंय. कारण ते दूध कुठेतरी जात होतंच. चमच्याच्या कडेवरचा थेंब दगडाला टेकला की पृष्ठताणामुळे दूध ओढलं जातं आणि ओल्या मूर्तीवरून इतक्या पातळ थराने खाली उतरतं की पांढऱ्या संगमरवरावर दिसतही नाही. दिल्लीत शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून पाहिलं, तेव्हा रंगाचा ओघळ सोंडेवरून खाली पायापर्यंत आला. आमच्या देवळात रंग नव्हता. गाभाऱ्याच्या पन्हळीतून मोरीपर्यंत गेलेली पांढरी रेघ मात्र होती, आणि मोरीपाशी दोन मांजरं होती. त्यांची बातमी कुठे आली नाही.

असे प्रश्न विचारणं प्रत्येकाला काकांइतकं स्वस्तात पडत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर आयुष्यभर, आणि काकांपेक्षा कितीतरी चढ्या आवाजात, हेच विचारत राहिले. २० ऑगस्ट २०१३च्या सकाळी फिरायला निघाले असताना ओंकारेश्वराजवळच्या शिंदे पुलावर त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. त्या पुलावरून जाताना माझी चाल अजूनही आपोआप मंदावते. तो विषय या लेखात मावणारा नाही, पण त्याला वळसा घालून पुढे जाणंही बरं दिसलं नसतं.

हल्लीच्या टिप्पण्यांबद्दल माझी तक्रार वेगळीच आहे. कुणी काही पाठवलं की दोन मिनिटांत कुणीतरी खाली लिहितो, ‘फेक आहे.’ झालं. लिहिणाऱ्याची मान ताठ, पाठवणाऱ्याची खाली. माझ्या मते न वाचता पुढे ढकलणारा जितका आळशी, तितकाच हा ‘फेक’वालाही. दोघांनीही बातमी उघडून पाहिलेली नसते. दिवाळीच्या रात्री उपग्रहातून दिसणारा भारत म्हणून जे रंगीबेरंगी चित्र येतं, त्याला ‘फेक’ म्हणून उडवणं सोपं आहे. पण ते चित्र खरं आहे, दिवाळी तेवढी खोटी आहे. अमेरिकेच्या हवामान खात्यातल्या एका शास्त्रज्ञाने अनेक वर्षांच्या रात्रीच्या नोंदी एकत्र करून ते बनवलं. १९९२च्या आधीपासून असलेले दिवे पांढरे, १९९२ साली दिसू लागलेले निळे, १९९८चे हिरवे, २००३चे लाल. म्हणजे आपल्या डोळ्यांदेखत कुठल्या गावात नवे दिवे लागले याचा तो नकाशा आहे. एका रात्रीच्या रोषणाईपेक्षा कितीतरी मोठी गोष्ट! ती सांगायची सोडून नुसतं ‘फेक’ म्हणणाऱ्याने बातमी दुसऱ्यांदा मारली.

जानेवारी २०२३मध्ये निखिल एक बातमी घेऊन आला. नऊ अब्ज प्रकाशवर्षांवरून सिग्नल आलाय, आणि तो पकडलाय आपल्या खोडदच्या दुर्बिणीने. खाली लोकांनी लिहिलेलं सगळं परग्रहवासीयांबद्दल. साहेब लगेच म्हणाले, “थापा!” आता खोडद म्हणजे नारायणगावच्या अलीकडचं-पलीकडचं, आम्हा पुणेकरांना द्राक्षं आणि तमाशा यांच्यामुळे ठाऊक असलेला टापू. तिथे ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या शेतांमधून पसरल्यात. रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी ती रेडिओ दुर्बीण उभी केली, आणि तिचा कारभार चालतो इथे गणेशखिंडीतल्या, विद्यापीठाच्या आवारातल्या संस्थेतून. थापा म्हणून सोडून देण्यासारखं हे प्रकरण नव्हतं, म्हणून त्या रात्री मी जरा वाचत बसलो.

सिग्नल खरा होता. पाठवणारं मात्र कुणी नव्हतं. तो आला होता एका दूरच्या दीर्घिकेतून, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्याच ताऱ्यांच्या एका प्रचंड समूहातून. दीर्घिकेतल्या हायड्रोजनच्या अणूंमधून २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओलहर आपसूक निघत असते. विश्वातला सगळ्यात साधा वायू सतत काढत असलेला अगदी बारीक आवाज म्हणा. या दीर्घिकेतून ती लहर निघाली तेव्हा विश्वाचं वय ४.९ अब्ज वर्षं होतं, आणि इथे पोचायला तिला ८.८ अब्ज वर्षं लागली. खरं तर इतक्या लांबून ती ऐकू यायलाच नको. पण वाटेत दुसरी एक दीर्घिका नेमकी आडवी होती. तिच्या गुरुत्वाकर्षणाने लहरी वाकल्या, एकवटल्या आणि सुमारे तीसपट ठळक झाल्या. भिंग आभाळातच लावलेलं होतं. आपल्या तबकड्या त्याच्या खाली बरोबर जागी होत्या.

दुसऱ्या दिवशी हे मी यथाशक्ती सांगितलं. बाई म्हणाल्या, “अहो, मग एवढं असताना त्यात परग्रहवाले घालायची गरज काय पडली?” साहेबांनी ‘थापा’ मागे घेतलं नाही, पण दुसरा चहा सांगितला. अण्णा गाळणं आपटत म्हणाले, “पृथ्वी नव्हती तेव्हा लावलेला फोन आत्ता उचलला. आणि आमचं पोरगं आतल्या खोलीतून हाक ऐकत नाही.” हे अगदी बरोबर होतं, पृथ्वीच्या वयासकट.

याच्या उलटही होतं. २०२०च्या जूनमध्ये कट्टा बंद होता, सगळे आपापल्या घरात. लोणारचं सरोवर गुलाबी झाल्याचे फोटो आले, आणि या वेळी मीच नव्हे तर अख्खा गट म्हणाला की कुणीतरी रंग चढवलाय. सरोवर उल्कापाताने झालेलं, पाणी खारं, हे सगळं शाळेपासून पाठ. पण गुलाबी म्हणजे अतीच. तर ते खरं निघालं. कारण शोधणाऱ्यांत आमच्या टेकडीच्या पायथ्याची आघारकर संशोधन संस्थाही होती. (ही संस्था वनस्पतिशास्त्रज्ञ आघारकरांच्या नावाची आणि ती आहे समाजसुधारक आगरकरांच्या नावाच्या रस्त्यावर. बाहेरगावच्या माणसाला फोनवर पत्ता सांगताना हा ‘घ’ आणि ‘ग’ चांगली पाच मिनिटं खातो.) मिठात सुखाने जगणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव असतात. पाणी आटलं, खारटपणा वाढला, त्यांचं फावलं, आणि त्यांच्यातल्या रंगद्रव्याने सरोवर गुलाबी दिसू लागलं. त्यातला मला सगळ्यात आवडलेला तपशील असा: प्रयोगशाळेत आणलेलं पाणी काही काळ तसंच ठेवलं, तर हे जीव तळाशी बसले आणि वरचं पाणी नितळ झालं. म्हणजे गुलाबी पाणी नव्हतंच. पाण्यात गुलाबी गर्दी होती.

हा तळाशी बसण्याचा तपशील पुढे पाठवलेल्या शंभर निरोपांत कुठेही नसतो. फोटो पुरेसा झाला असं वाटतं लोकांना.

बाईंचा एक स्वभाव आहे, त्या वाद घालत नाहीत, करून दाखवतात. एका मे महिन्यात निरोप आला: ‘उद्या भर दुपारी सावली नाहीशी होणार! हजार वर्षांतून एकदा!’ साहेबांचा आवडता शब्द बाहेर पडायच्या आत बाईंनी आम्हाला त्यांच्या इमारतीच्या गच्चीवर बोलावलं. गच्चीवर वॉटरप्रूफिंगचं काम चाललं होतं. बाईंनी पाण्याच्या पाइपचा हातभर तुकडा आणला होता. तो सरळ उभा आहे की कलतोय यावर साहेबांनी हरकत घेतली, तेव्हा गवंड्याने कोपऱ्यातून आपला ओळंबा आणून लावून दिला. “आता बोला,” तो म्हणाला.

साडेबाराच्या सुमारास पाइपची सावली आखडत आखडत पाइपच्या बुडाखाली शिरली. वरून डोकावलं तर पाइपच्या आत, तळाच्या फरशीवर, कडेपर्यंत गोल ऊन भरलेलं. एरवी तिथे चंद्रकोरीएवढा तरी अंधार असतोच. काही मिनिटं ते टिकलं आणि मग दुसऱ्या बाजूने बारीक काळी कड उगवली. साहेब वाकून बघत राहिले, टक्कल तापेपर्यंत.

हजार वर्षांतून एकदा वगैरे काही नाही. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामधल्या प्रत्येक गावाला हे वर्षातून दोनदा मिळतं. पुण्याला मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या शेवटाला. जुलैत ढगांमुळे कुणाला पत्ता लागत नाही. कोल्हापूरला आठवडाभर आधी, नागपूरला मे संपता संपता, आणि दिल्लीला कधीच नाही. “सूर्य एकेक गाव करत वर सरकतो,” बाई म्हणाल्या. ‘उद्या सावली नाहीशी होणार’ या निरोपातून पहिलं काय गळतं, तर गावाचं नाव. आणि गावाचं नाव काढलं की सूर्याचं हे चालणंच त्यातून निघून जातं.

गवंड्याने ओळंबा गुंडाळत त्याचा शेरा दिला. “सावली गेली ते खरं. ऊन कुठं गेलं पण?”

एवढं सगळं लिहिल्यावर कुणी म्हणेल, मग प्रत्येक बातमी ओळंबा लावूनच पुढे पाठवायची काय? नाही. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं, त्यापाठोपाठ खडकवासला फुटलं, आणि नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं. माझ्या आजीने ती बातमी ऐकली ती रस्त्यावरून पळणाऱ्या एका अनोळखी माणसाकडून, आणि ती दोनच शब्दांची होती: “पाणी आलं!” किती क्युसेक, कुठल्या पातळीपर्यंत, अधिकृत सूत्र कोणतं, हे तिने विचारलं नाही. तिने दोन पोरं काखोटीला मारली आणि निघाली. त्या पोरांतले एक म्हणजे वहीवाले काका. मोठेपणी प्रत्येक कात्रणाला दाखला मागणाऱ्या माणसाने आपल्या आईला याबद्दल कधी लाल शेरा दिला नाही. काही बातम्या अर्ध्याच बऱ्या. मात्र चंद्राएवढ्या मंगळापासून पळून जायची कुणाला घाई नसते.

आणि आत्याचं म्हणाल, तर मला कळून चुकलंय की ती मला मंगळ पाठवतच नाही. ती एकटी असते, रात्री झोप येत नाही, तेव्हा ज्यांची आठवण होते त्यांना काहीतरी पाठवते. त्याला ‘फेक आहे’ हे उत्तर होऊच शकत नाही. म्हणून एकदा मी तिला फोन करून पंचाहत्तराची गोष्ट सांगितली. तिने सगळं ऐकून घेतलं. “म्हणजे दुर्बीण लागते होय रे? मग तसं लिहायला नको का मेल्यांनी!” पुढच्या ऑगस्टमध्ये तोच निरोप आला, खाली तिची स्वतःची ओळ जोडलेली: ‘दुर्बीण लागेल. ७५ची.’ साल अजून २००३चंच लागू आहे, पण तेवढं चालायचंच. वीस वर्षं गळत आलेल्या निरोपात कुणीतरी काहीतरी परत घातलं.

सध्या कट्ट्यावर ६१७४ चालू आहे. निखिलला कुठेतरी मिळालं: कोणतीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या, मोठीतून लहान वजा करा, उत्तराचं पुन्हा तेच करा, शेवटी ६१७४ येणारच. शोध आपल्या देवळालीच्या कापरेकर मास्तरांचा, हे मीच पुरवलं. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, फर्ग्युसनचे विद्यार्थी, जन्मभर नाशिकजवळ शाळामास्तर. १९४९ साली त्यांना ही संख्या दिसली. म्हणजे ज्या कॉलेजमागची टेकडी आम्ही रोज उतरतो त्याच कॉलेजात ते शिकले.

साहेबांनी खिशातून विजेचं बिल काढून पाठकोरी बाजू वर केली. चाचणीसाठी सोपी संख्या निवडतील तर ते ऑडिटर कसले. “२१११,” त्यांनी जाहीर केलं. २१११ वजा १११२, आले ९९९. “आता ९९९ वजा ९९९, शून्य. संपलं. थापा.”

“साहेब, चार अंक धरायचेत,” बाई म्हणाल्या. “पुढचं शून्य टाकू नका.”

“हे आधी सांगितलं नव्हतं.”

खरंच सांगितलं नव्हतं. निखिलच्या निरोपात शून्याची अट नव्हती, आणि चारही अंक सारखे असून चालत नाही, ही अटही नव्हती. साहेबांनी नाराजीने ०९९९ लिहिलं. ९९९० वजा ०९९९, ८९९१. मग ९९८१ वजा १८९९, ८०८२. मग ८८२० वजा ०२८८, ८५३२. चहा निवला. ८५३२ वजा २३५८. साहेब आकडा लिहून थांबले, चष्मा पुसला, वजाबाकी खालून वर पुन्हा तपासली. ६१७४.

त्यानंतर ते रोज बिलं घेऊन येतायत. तीन अंकी घेतलं तर ४९५ला येऊन थांबतं, हे त्यांनी स्वतःहून काढलं आणि आम्हाला असं सांगितलं की जणू देवळालीला आता दुसरा मास्तर मिळाला. पाच अंकी मात्र थांबायला तयार नाही. त्याच त्या संख्यांमधून गोल गोल फिरत राहते. दोन बिलं भरली. निखिल म्हणाला, “साहेब, कशाला त्रास घेता, मी पाच मिनिटांत प्रोग्रॅम लिहून सगळ्या संख्या तपासतो.”

“प्रोग्रॅम राहू दे,” साहेब म्हणाले. “कागद असेल तर दे.”